डावीकडचा स्पीकर

नव्या घराच्या दिवाणखान्यात अजून फरशीसुद्धा बसली नव्हती, पण माझी खुर्ची कुठे असणार हे ठरलेलं होतं. बरोब्बर मधोमध. साउंडवाल्यानं तिथे खडूनं फुली मारली, त्यावर कामगारांची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "ही साहेबांची जागा. इथे बसलं की पाचही स्पीकर घेरून टाकणार."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते पाचही स्पीकर तिनं स्वतःच्या हातांनी विणले होते.

तिचंही बरोबर होतं. बावीस वर्षं आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. मी गाण्यांचा वेडा, आणि वरचा घरमालक आवाज जरा वाढला की जमिनीवर काठी आपटायचा. आपलं घर झालं की प्रत्येक खोलीत गाणं वाजेल, अगदी बाथरूममध्येसुद्धा, हे बायकोनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. घराच्या नकाशात मी लक्ष घातलं, पण स्पीकरचा नकाशा तिचा. कुठल्या खोलीत किती, बटण कुठे, वायर कुठून, सगळं तिच्या वहीत होतं.

माझ्या कानांचं घरात भारी कौतुक. मी पंपदुरुस्तीच्या कारखान्यात आहे. पंप उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. मुलगी तर येईल त्या पाहुण्याला हे सांगते.

फक्त एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी उठलो तो डावा कान बंद. मळ असेल म्हणून औषधाचे थेंब घातले, सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, आणि आज उघडेल, उद्या उघडेल करत तीन आठवडे घालवले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, पहिल्या काही दिवसांत आला असतात तर प्रयत्न करता आला असता, आता कठीण आहे. एका कानावर पंप ओळखता येतात, माझं काम चाललं. पण आवाज कुठून येतोय हे कळायला दोन कान लागतात. मला जगातला प्रत्येक आवाज उजवीकडूनच येतो. बायकोला सांगायचं मी रोज ठरवायचो, आणि रोज ती कुठल्यातरी स्पीकरचं चित्र घेऊन समोर यायची. माझा धीरच व्हायचा नाही.

सोमवारी छताला पीओपी लागणार होतं. वायरी त्याच्या आत जायच्या, म्हणजे रविवार हा शेवटचा दिवस. आज सांगायचंच, असं मनाशी पक्कं करून मी आलो होतो.

साउंडवाल्यानं पाच स्टुलांवर पाच स्पीकर मांडले. "डोळे बांधायचे, आवाज आला की तिकडे बोट करायचं," तो म्हणाला. "जागा पक्क्या करायला बरं पडतं." आधी मुलगी बसली. पाचपैकी पाच. मग बायको. तिचेही पाच. तेवढ्या वेळात मी कोपऱ्यात उभं राहून क्रम पाठ केला: पुढचा डावा, मागचा उजवा, मधला, मागचा डावा, पुढचा उजवा. शाळेत कधी केली नाही ती घोकंपट्टी पन्नाशीत केली. मी खुर्चीत बसलो, डोळ्यांवर रुमाल बांधला गेला आणि त्या भल्या माणसानं क्रम बदलला.

पहिल्याच बोटाला मायलेकी खो खो हसल्या. दुसऱ्याला आणखी. मग मी नाद सोडला आणि प्रत्येक वेळी उजवीकडेच बोट केलं.

साउंडवाला मात्र हसला नाही. मुलीनं त्याला पंपांच्या गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. "थांबा," तो म्हणाला. "साहेबांचा कान उगीच असं सांगायचा नाही." त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, टेप धरली, स्टुलं हलवली, मला पुन्हा बसवलं. पुन्हा सगळं उजवीकडे. शेवटी त्यानं कपाळावर हात मारला. "डावीकडची खिडकी! आवाज तिथून बाहेर पळतोय, आणि उजवीकडची कोरी भिंत तो परत फेकतेय. आपल्याला कळलं नाही, साहेबांनी पकडलं."

"मग?" बायकोनं विचारलं.

"खिडकी बुजवावी लागेल. गवंडी उद्या आहेच ना?"

ती खिडकी तिची होती. भाड्याच्या घरात बावीस वर्षं तिच्या ओट्यासमोर शेजाऱ्याची भिंत होती. इथे कंत्राटदाराशी वाद घालून, दोनदा माप बदलायला लावून तिनं ती खिडकी मिळवली होती. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बुजवा."

"बुजवायची नाही," मी रुमाल काढला. "भिंतीत काही दोष नाही. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. सात महिने झाले."

मुलगी कानामागे हात धरून म्हणाली, "काय म्हणालास बाबा? मलाही ऐकू आलं नाही!"

तिघंही हसली. साउंडवालासुद्धा.

यात त्यांचा दोष नाही. घरात मला नाटक्या म्हणतात, आणि ते नाव मी मेहनतीनं कमावलंय. मेव्हण्याकडे जायचं टाळायला मी एकदा पायाला खोटं प्लॅस्टर बांधून आठवडाभर लंगडलो होतो. आता मी खरंखरं सांगतोय, आवाज चढतोय, आणि तितकं त्यांना हसू फुटतंय.

"खिडकी वाचवायची धडपड आहे, कळतं मला," बायको म्हणाली. तिचा स्वर इतका मऊ होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण मी हे तुमच्यासाठी करतेय ना? आता पुरे करा."

"डॉक्टरांचा कागद दाखवतो."

"प्लॅस्टरच्या वेळीही कागद होता."

मी हात टेकले. मुलगी साउंडवाल्याला घेऊन मागच्या खोलीचं माप घ्यायला गेली.

"बरं, बसा," बायको हसत म्हणाली. "मीच घेते तुमची परीक्षा." तिनं पुन्हा रुमाल बांधला. "आता एकदम हळू बोलणार. नाटक करत असाल तर पकडले जाल."

मी थांबलो. मागच्या खोलीतलं बोलणं अस्पष्ट येत होतं. मग डाव्या गालाला तिचा श्वास लागला. मी वाट पाहिली. श्वास थांबला, पुन्हा लागला.

"बोल की," मी म्हणालो.

काहीच घडलं नाही. मी रुमाल वर सारला. ती डावीकडे, अगदी माझ्याजवळ वाकलेली होती, आणि तिचं हसू पार गेलं होतं. तिचं बोलून झालं होतं.

"काय म्हणालीस?"

ती सावकाश उजव्या बाजूला आली. "सात महिने म्हणालात ना? म्हणजे या घराचा स्लॅब टाकायच्या आधीपासून?"

"हो."

"स्लॅब टाकला त्या रात्री झोपताना मी तुम्हाला एक विचारलं होतं."

मी आठवायला लागलो. काहीच आठवेना. ती पलंगावर नेहमी माझ्या डावीकडे झोपते, आणि मी उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून.

"आईला इथे आणू का, मागच्या खोलीत," ती म्हणाली. "दोनदा विचारलं. तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, झोपेचं सोंग घेतलंय. नको म्हणायचं जिवावर येतंय म्हणून."

सासूबाई दोन महिन्यांपूर्वी आपली खोली सोडून मेव्हण्याकडे गेल्या होत्या, तिकडे करमत नाही हे माहीत असूनही. त्यांची पेटी मीच स्टँडवर पोचवली होती. वाटेत त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. म्हातारपण, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

"अगं, मग आता आणू. उद्याच जातो मी."

"आता ती यायची नाही," बायको म्हणाली. "मी तिला सांगितलं, ह्यांना नकोय."

तिला जवळ घ्यावं, तर ती हात छातीशी घट्ट बांधून उभी.

"बाबा!" मागून मुलीनं हाक मारली. "या खोलीत कोण राहणार आहे? ते विचारतायत, स्पीकर किती लावू?"

हे मला नीट ऐकू आलं. बायकोलाही आलं. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलं.