खिडकीकडे वळणारं पॅनल

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या गच्चीवरचं सोलर पॅनल उन्हाकडे पाठ फिरवायचं आणि सासूबाईंच्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. पॅनल फिरवणारा कंट्रोलर त्यानेच घरी बनवलेला, मग तक्रार करायची तरी कोणाकडे? ‘मेल्या, काय करून ठेवलंस हे!’ असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

खाली आमचं दुरुस्तीचं दुकान. पंखे, मोटारी, वाइंडिंग माझ्याकडे. बोर्ड, सेन्सर असली किचकट कामं त्याच्याकडे. सासूबाईंची फुप्फुसं थकली, ऑक्सिजनचं मशीन लागलं, आणि आमच्याकडे वीज संध्याकाळी जी जायची ती झोपायच्या वेळेलाच उगवायची. म्हणून त्याने हा उद्योग मांडला: दिवसा पॅनलने बॅटरी भरायची, संध्याकाळी तिच्यावर मशीन चालवायचं. युक्ती साधी. दोन छोटे सेन्सर, मधे उभी पट्टी. ऊन सरकलं की पट्टीची सावली एका सेन्सरवर पडते आणि दोन्हीकडे सारखं ऊन येईपर्यंत मोटार पॅनलला वळवत राहते. तेव्हा बॅटरी काठोकाठ भरायची. आता निम्मीच भरत होती. एका संध्याकाळी वीज यायच्या आतच मशीन बंद पडलं. सासूबाईंचे ओठ निळे पडले आणि वीज येईपर्यंत मी त्यांना टेकवून धरून वारा घालत बसले.

मी सेन्सर बदलले. शेजारच्या टाकीची चकाकी येत असेल म्हणून टाकीवर गोणपाट टाकलं. शेजारी म्हणाला, “वहिनी, टाकीला थंडी वाजते का?” मी म्हटलं, “तुमची जीभ झाकायला उरलं तर सांगते.” तरी दुपारी पॅनल वळलंच. मग सेन्सर काढून टायमर बसवला. वळलं. शेवटी चिडून मोटारीच्या ताराच उपसल्या, पॅनल ऊन जास्तीत जास्त येईल तिकडे वळवलं आणि बोल्ट असे आवळले की पान्ह्याने तळहात सोलून निघाला.

दुसऱ्या दिवशी जेवून वर गेले. पॅनल खिडकीकडे. काढलेले बोल्ट कठड्यावर ओळीत ठेवलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत. नवरा असेच ठेवायचा. दुसरं कोणी इतकं नीटनेटकं नसतंच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि लगेच रागही आला. जिवंतपणी आईचा लाडका होताच, आता मेल्यावरही तेच!

सासूबाईंच्या खोलीत गेले तर त्या उशीला टेकून, केस विंचरून बसलेल्या. गच्चीकडच्या खिडकीतून पॅनलची काळी काच दिसत होती.

“आई, हे तुम्हाला माहीत होतं?”

“तुला आत्ता कळलं होय?” त्या हसल्या. “जेवलीस का, विचारायला येतो. लहानपणापासूनची खोड आहे त्याची.”

“अहो, त्याच्या विचारपुशीपायी बॅटरी भरत नाही! मशीन पुन्हा बंद पडलं तर?”

“पडू दे की. मी जाईन त्याच्याकडे.”

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की माझा तोलच गेला. “आणि मी? तुम्ही दोघं तिकडे गप्पा मारा, मी इथे एकटी तारा गुंडाळत बसू? मला कोण आहे हो दुसरं? तो मला एकदाही विचारायला आला नाही. आता तुम्हीही चाललात!”

मी लहान पोरीसारखी ढसाढसा रडले. सासूबाईंनी नाकातली नळी सारखी केली आणि खिडकीकडे तोंड केलं.

“ऐकलंस ना रे?” त्या म्हणाल्या. “जेवले मी. पोटभर बघितलं तुला. आता वळ तिकडे. हिला टाकून मी यायची नाही. पुन्हा येऊ नकोस, माझ्या राजा.”

बाहेर लोखंड करकरलं. मी धावत गच्चीवर गेले. तारा सुट्या लोंबत होत्या आणि पॅनल हळूहळू वळत होतं. मी त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले. काळ्या काचेत माझं तोंड आलं, सुजलेले डोळे, विस्कटलेले केस.

“अरे, मीही आहे इथे,” मी म्हणाले. “जाता जाता बघ की माझ्याकडे.”

ते थांबलं नाही. माझ्यावरून सरकत सूर्यासमोर गेलं आणि तिथे स्थिर झालं.

त्यानंतर ते कधी खिडकीकडे वळलं नाही. मी सगळ्या तारा परत जोडल्या, सेन्सर लावले. बॅटरी भरते. मशीन रात्रीपर्यंत चालतं आणि सासूबाईंना श्वास पुरतो. आता पॅनल फिरवते ती नुसती मोटार. तिचा आवाज मी ओळखते, त्यात दुसरं कोणी नाही.

तरीही जेवण झालं की मी वर जाते आणि पॅनलसमोर उभी राहते.

“आत ये गं, ऊन लागेल,” सासूबाई खिडकीतून हाक मारतात.

“आले,” मी म्हणते, आणि आणखी थोडा वेळ थांबते.