अण्णांनी आणलेली प्लेट

"बसा हो तुम्ही, मी आणते," असं म्हणत वहिनी खुर्ची मागे सारतायत, तोवर अण्णा काउंटरपाशी पोचलेसुद्धा. हातात चक्क प्लेट. तीही एक नाही, दोन!

अर्धवट उठलेल्या वहिनी तशाच परत टेकल्या. आयुष्यभर अण्णांनी पंपहाउसवर नोकरी केली, अख्ख्या शहराला पाणी पाजलं. पण घरी स्वतःच्या हाताने पेलाभर पाणी घेतलं असेल तर शपथ. आमटीत मीठ कमी असलं तर "मीठ," एवढंच बोलायचे. बाकी सगळं ठीक असलं की काहीच नाही. नवरा न बोलता जेवला म्हणजे त्याला आवडलं, असं वहिनींनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

अण्णा कालच निवृत्त झाले होते, आणि पंपहाउसच्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना या बड्या हॉटेलात इंडियन बुफेला आणलं होतं. फरशी अशी चकाचक, की वहिनी तिच्यावर जपून पाय टाकत आत आल्या होत्या. लांबच लांब टेबलावर घुमटासारखी झाकणं असलेली भांडी, खाली छोट्या ज्योती. झाकण उचललं की वाफेचा लोट आणि मसाल्याचा घमघमाट. पाहिजे ते घ्या, पाहिजे तेवढं घ्या, कुणी वाढणारं नाही. वहिनींना हे काही केल्या बरोबर वाटेना. वाढणारंच नसेल तर ते जेवण कसलं?

पण अण्णा मात्र जन्मभर बुफेच खात आल्यासारखे सराईतपणे एकेक झाकण उचलत होते. यातलं थोडं, त्यातलं थोडं, मध्येच थांबून विचार, मग लिंबाच्या फोडी. दोन प्लेटा, म्हणजे एक माझी, वहिनींच्या मनात आलं, आणि या वयात त्यांचा चेहरा तापला. त्यांनी समोरचा पेला बाजूला सारला, रुमाल उचलला, प्लेटीला जागा करून दिली.

अण्णा आले. वहिनींच्या मागून पुढे गेले. टेबलाच्या त्या टोकाला लॅबवाल्या बाई बसल्या होत्या, त्यांच्यापुढे त्यांनी एक प्लेट ठेवली.

"तळलेलं काही घेतलं नाही बघा. पनीर नको ना तुम्हाला? नाही घेतलं. आणि लिंबाच्या दोन फोडी."

"अगदी बरोबर, अण्णा!" बाई हसून म्हणाल्या. "या गुडघ्यामुळे तुम्हाला त्रास."

"त्रास कसला त्यात!"

वहिनींनी बाजूला सारलेला पेला पुन्हा जागेवर आणला. 

या लॅबवाल्या बाई म्हणजे पंपहाउसवरचं पाणी तपासणाऱ्या. घरात त्यांचं नाव रोजचं. बाई असं म्हणाल्या, बाईंनी तसं सांगितलं. वहिनींनी मनातल्या मनात त्यांना गोरीपान, टापटीप, ओठ रंगवलेली अशी करून ठेवलं होतं, म्हणजे राग धरायला सोपं. आणि प्रत्यक्षात पाहावं तर पांढरे आखूड केस, जाड चष्मा, दुखरा गुडघा आणि निर्मळ हसू. हिच्यावर जळायचं तरी कसं? पण वहिनी जळत होत्या. चांगल्या धडधडून जळत होत्या. पनीर नको, हे यांना माहीत. लिंबाच्या फोडी एक नाही, तीन नाही, दोन लागतात, हेही माहीत. आणि मला? मला काय लागतं, हे या माणसाला कधी ठाऊक होतं का?

तेवढ्यात बाईच लंगडत लंगडत आपली प्लेट घेऊन आल्या आणि वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून भेटायचं होतं. तुमच्या डब्यावरच तर माझी नोकरी निघाली!"

"माझ्या डब्यावर?"

"अहो, मी एकटी. सकाळी उठून कोण करत बसतंय? अण्णांनी कधी एकट्याने डबा खाल्ला नाही. अर्धा माझ्यापुढे ठेवायचे. काय हो तुमच्या हाताला चव! ती भरली वांगी करायचात ना, त्या दिवशी मी सकाळपासून वाट बघायची."

बाई मनापासून बोलत होत्या, आणि त्यांचा एकेक शब्द वहिनींना मिठासारखा झोंबत होता. डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. तो रिकामा डबा घासताना वहिनींना केवढा आनंद व्हायचा! यांना पुरत नसेल म्हणून त्यांनी हळूच एक कप्पा वाढवला होता. पहाटे उठून वांगी भरायची मी, आणि वाट बघायची हिने! घरी "मीठ," तिकडे भागीदारी!

"हे काही म्हणायचे का वांग्यांना?" न राहवून वहिनींनी विचारलं.

"अण्णा? छे हो. ते कुठे बोलतायत! खायचे आपले मान खाली घालून."

एवढ्यावर जरा जीव थंड व्हायला हरकत नव्हती. पण नाही झाला. अण्णा समोर येऊन बसले, रोटीचा तुकडा डाळीत बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "व्वा! काय डाळ आहे!"

झालं. वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. त्या कुठल्याशा पांढऱ्या टोपीवाल्या आचाऱ्याच्या नशिबी तो शब्द होता तर.

"अहो," त्या म्हणाल्या, "मलाही आणा की प्लेट भरून."

अण्णांचा घास हातातच राहिला. "तुला?"

"हो, मला. बाईंना आणलीत ना? मग मला आणा. मला काय आवडतं ते बघून आणा."

आवाज जरा चढला होता. टेबलावरच्या दोघातिघांनी मान वळवली. बाई चष्म्याच्या काचा पुसू लागल्या. अण्णा मात्र "आणतो की!" म्हणत उठलेसुद्धा, आणि तेही खुशीत.

वहिनींनी नजर हटवली नाही. अण्णांनी पहिल्या भांड्याचं झाकण उचलून बघितलं, पुढे गेले. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, पुढेच. बिर्याणीच्या मोठ्या हंडीशी मात्र थांबले. आचाऱ्याशी काहीतरी बोलले. आचारी हसला, मान हलवली. अण्णा पुन्हा बोलले, हात करून खाली दाखवलं. आचाऱ्याने दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून हंडी कलती केली.

"बघा," बाई कुजबुजल्या, "तुमच्यासाठी काहीतरी खास चाललंय. माझ्यासाठी नाही हो कुणाला हंडी उचलायला लावली."

वहिनींनी बाईंकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि पदर सारखा केला. मघापासून पेटलेलं सगळं कसं विझत चाललं होतं. एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्या हॉटेलात, हे माझ्यासाठी अडून बसलेत! वाढून घे हवं तेवढं, बाई. हा मान काही तुला मिळायचा नाही.

अण्णा परत आले ते विजयी मुद्रेने. प्लेट त्यांनी दोन्ही हातांनी समोर ठेवली.

प्लेटीत हंडीच्या तळाची खरवड होती. काळपट, कडक, उलथन्याने खरडून काढलेली. बाजूला काठाला करपलेली रोटी, आणि एका वाटीत नुसतं डाळीवरचं पाणी. दुसरं काही नाही.

"देतच नव्हता लेकाचा," अण्णा सांगू लागले. "म्हणे, हे आम्ही पाहुण्यांना देत नाही. म्हटलं, बाबा रे, आमच्या हिला हेच आवडतं. रोज बघतो मी. सगळ्यांचं झालं की पातेल्याची खरवड काढून बसते, करपलेली पोळी तर कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. खा, खा, गरम आहे."

 बाईंनी आपल्या प्लेटीकडे बघितलं, लिंबाच्या त्या दोन फोडींकडे, आणि प्लेट जराशी बाजूला सारली.

वहिनींना हसावं की रडावं कळेना. या माणसाला आपल्याकडे बघायला फुरसत नाही, असं त्या समजत होत्या. आणि हा तर रोज बघत होता! जन्मभर समोर बसून, मान खाली घालून, नीट बघत होता.

"अहो, मला खरवड आवडत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच आवडली नाही. दात दुखतात."

"मग खायचीस का?"

"उरायची म्हणून."

 अण्णा खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"मग तुला आवडतं काय?" त्यांनी विचारलं. अगदी हळू, टेबलावर आणखी कुणी नसल्यासारखं.

वहिनींनी सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंना मऊ भात आवडायचा. यांना वांगी. थोरलीला तिखट, धाकटीला गोड, जावयाला सगळंच. हे सगळं जिभेवर होतं, भराभर सांगता आलं असतं. स्वतःचं काही केल्या येईना. त्यांनी तोंड मिटलं.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

काउंटरच्या टोकाला जाऊन त्यांनी कोरी प्लेट उचलली. पहिलं झाकण वर केलं, वाफ जाऊ दिली, वाकून आत बघितलं. चमच्याच्या टोकावर जरासं घेऊन प्लेटीत टाकलं, बोटाने चाखलं. मागे रांग वाढत होती.

"काकू, जरा पुढे सरकता का?" कुणीतरी म्हणालं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मला बघू दे."

तिकडे टेबलाशी अण्णांनी ती प्लेट आपल्यापुढे ओढली होती. खरवडीचा एक तुकडा तोंडात घालून ते चावत होते, आणि तो काही केल्या चावला जात नव्हता. वहिनींनी दुसरं झाकण उचललं.