दोऱ्यात बांधलेले तीन प्रश्न

गुरुवार उजाडला की पुंडलिकरावांच्या बंद पडलेल्या जिनिंगपुढे पोरांची रांग लागायची. बारा गावची दहावीची पोरं, त्यांच्यामागं त्यांच्या आया, आयांच्या हातात नारळ. कोणी नेरहून ऑटोनं आलेलं, कोणी एसटीतून उतरून तुरीच्या धसकटांतून पाय वाचवत आलेलं. फाटकावर भला मोठा फ्लेक्स होता. त्यात मागच्या वर्षी दहावी झालेला, गावातल्या बबनरावांचा नयन हात जोडून उभा, आणि डोक्यावर अक्षरं : ‘तीनपैकी तीन!’

आत, जिथं एके काळी कापसाचे ढीग पडायचे तिथं, गादीवर चिठ्ठीमहाराज बसले होते.

“ये बेटा, डोळे मीट. कोणता विषय?”

“इतिहास, महाराज.”

“इतिहास! अरे, साहेब पेपर काढाले बसला का मी त्याच्या टेबलाखाली मांजर होऊन बसतो. साहेब लिहिते, मी वाचतो. साहेब खोडते, मी बी खोडतो. साहेबाले वाटते मांजर झोपली. पण मांजर बोर्डाची नाही बेटा, मांजर सरस्वतीची हाय!”

बाया हात जोडायच्या. रांगेतली कशफ मात्र पुढच्या पोरीच्या कानात पुटपुटली, “महाराज मांजर, मंग उंदीर कोण व? आपणच.”

“चूप बस,” खुशी म्हणाली. तिचे डोळे आधीच मिटलेले होते.

महाराज टोपलीत हात घालायचे आणि लाल दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी काढायचे. तिच्यात तीन प्रश्न. तेवढेच वाचायचे, तेवढेच पाठ करायचे. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही, जन्म दिलेल्या आईलाही नाही. “दाखवली का अक्षर मेलं! आन् मनात शंका आणली तरी मेलं!”

सामाजिक शास्त्रे शिकवणारे सेवादास सर फाटकापाशी उभे होते. ते खुशीला शोधत आले होते. चिठ्ठी मिळणार म्हणून आठवडाभर पोरीनं पुस्तक उघडलं नव्हतं, आणि पेपरला तीन आठवडे उरले होते. खुशीची आई शकुबाई रांगेत पोरींच्या मागं उभी राहून स्वतःशीच गुणगुणत होती :

लाल दोऱ्यात बांधलं, लेकीचं गं माझ्या भाग
नको सोडू बाई गाठ, देवाले येईल राग

ओवी गोड होती. म्हणूनच सरांना ती जास्त लागली.

सरांची शिकवण्याची रीत गावाला पटत नसे. ते सनावळ्या घोकून घेत नसत. कोणताही धडा असो, फळ्याच्या कोपऱ्यात आधी लिहायचे : हे कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? कोणाला विचारायचं राहून गेलं? मग म्हणायचे, “इतिहास म्हंजे गोष्ट नाही पोरांनो, पुरावा. कारण काय, परिणाम काय, काय बदललं आन् काय तसंच राह्यलं, हे शोधायचं.” शाळेचे सचिव पुंडलिकराव यावर वैतागायचे. “सर, प्रश्न बोर्ड इचारते. पोरं कायले इचारतील? तुम्ही आपले उत्तरं लिहून द्या ना!”

आणि याच वर्गात, दिवाळीच्या आधी, खुशीनं एक काम करून आणलं होतं. गावचा बाजार मंगळवारीच का भरतो? तिनं सात म्हाताऱ्यांना विचारलं, सात उत्तरं आली. कोणी देवीचं सांगितलं, कोणी इंग्रजांचं. शेवटी जिनिंगमध्ये काम केलेल्या मथुराबाईनं सांगितलं, की सोमवारी चुकारा व्हायचा, हातात पैसे पडायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी बाजार. खुशी उभी राहून म्हणाली होती, “सर, सातही जण खरं नसतील नं? पण मथुराबाई तिथं स्वतः होती. म्हणून तिचं जास्त वजनाचं.” त्या दिवशी सर तांड्यावरच्या घरी गेले ते गुणगुणतच. त्यांची आई, याडी, म्हणाली, “काय रे, पगार वाढला का काय?”

तीच खुशी आता तीन प्रश्नांवर डोळे मिटून बसली होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत कशफ सरांकडे आली. वाहिद मेकॅनिकची ही पोरगी, बापासारखीच; यंत्र बंद पडलं की आधी खोलून पाहायची.

“सर, एक विचारू? मले चिठ्ठी भेटली, खुशीले भेटली, आसिमले भेटली. आसिम म्हणते त्याचे प्रश्न वेगळे. माझे तर हाइतच वेगळे. पण पेपर तर सगळ्याइचा एकच असते नं?”

उत्तर सरांच्या ओठांवर होतं, पण त्यांनी ते गिळलं.

“मग कसं शोधायचं?”

“सगळ्याइच्या चिठ्ठ्या एका जागी पाह्यल्या तर?”

“पाहा.”

दोन दिवस कशफ दारोदार फिरली. घाबरत, शपथा घालत, वर्गातल्या एकतीस जणांनी चिठ्ठ्या दिल्या. खुशीनं दिली नाही. तिनं ती ओढणीच्या गाठीत बांधली होती आणि गाठीवर हात ठेवून बसली होती.

बुधवारी बाकं सरकवून पोरांनी चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या. कशफ म्हणाली, “धड्याप्रमाणे लावा.” पहिल्या धड्याखालचे प्रश्न पहिल्या ओळीत, दुसऱ्याचे दुसऱ्या. लावता लावता वर्गातला गलका बसत गेला. पुस्तक उघडून आसिम एकेक स्वाध्याय वाचत होता आणि कशफ बोट ठेवत होती : हा आहे, हाही आहे. अधूनमधून एखादीच जागा रिकामी. ती बहुतेक दुसऱ्या गावच्या पोरांकडं असणार. बाकी सगळं पुस्तक फरशीवर अंथरलं होतं.

“म्हंजे यानं पुस्तक फाडून वाटलं, सर,” आसिम म्हणाला.

“आन् दाखवू नका म्हणते, ते याच्यासाठी!” कशफ ओरडली.

सरांनी एवढंच विचारलं, “मागच्या वर्षी किती जणांनी चिठ्ठ्या घेतल्या होत्या? फ्लेक्सवर तर एकच आहे.”

पोरांनी आपापल्या मामा-मावश्यांच्या गावी फोन लावले. साठ जण सापडले. नयनचे तीनही आले होते. काहींचा एखादा आला होता. उरलेल्यांचं काहीच आलं नव्हतं, आणि त्यांतल्या एकानंही महाराजाला दोष दिला नव्हता. एक म्हणे, मी त्या दिवशी अंडं खाल्लं. एक म्हणे, चिठ्ठी वाचताना शिंक आली. एका पोरीची चिठ्ठी तिच्या लहान्या भावानं पाहिली होती. ती त्याच्याशी अजून बोलत नाही. सर वहीत लिहून घेत होते. इतकी लेकरं, आणि प्रत्येकानं आपापलं पाप आपणच शोधून काढलं होतं.

गुरुवारी कशफनं जिनिंगच्या अंगणात चादर अंथरली आणि चिठ्ठ्या धड्यावार मांडल्या. सरांनी साध्या शब्दांत सांगितलं : शंभर पोरांना शंभर वेगळ्या चिठ्ठ्या दिल्या, तर एखाद्याची लागणारच. ज्याची लागते त्याचा फ्लेक्स होतो. ज्याची लागत नाही तो घरी रडत बसतो, आणि तो कोणाला दिसत नाही.

बाया वाकून वाचू लागल्या. एक म्हातारा म्हणाला, “अरे, हे तं खरंच पुस्तक हाय!”

महाराज गादीवरून उठले. हसले.

“वा मास्तर! पुस्तक माह्यंच हाय. सरस्वतीचं म्हंजे माह्यं. पण दोरा कोणं तोडला? एकतीस लेकराइच्या चिठ्ठ्या तुम्ही मारल्या. ज्यानं दोरा राखला, त्याचीच जित्ती हाय. आता निकाल लागला का या मास्तराले विचारा!”

आणि वारा फिरला. एक बाई सरांच्या अंगावर धावून आली, “माह्या पोराचं वर्ष खाल्लं तुम्ही!” बबनराव म्हणाले, “माह्या पोराचे आले नं तीन? ते काय खोटं?” पुंडलिकरावांनी बोट दाखवलं, “सर, उद्यापासून फक्त उत्तरं लिहून द्यायची. समजलं?” पाच मिनिटांत टोपली पुन्हा भरली, रांग पुन्हा लागली. आसिमसुद्धा मान खाली घालून रांगेत गेला. चिठ्ठ्यांवरून पाय देत लोक पुढं सरकत होते.

शकुबाई तेवढी सरांपाशी थांबली.

“सर, तुमचं खरं असंल. मले त्यातलं समजत नाही. पण माह्यी पोरगी सकायी कापूस वेचते, सांजच्याला भाकरी थापते. महाराज तीन प्रश्न सांगते. तुम्ही अख्खं पुस्तक सांगता. तिले कोणतं होईल, सांगा बरं?”

महाराजाची लबाडी चादरीवर मांडता येत होती. ही गोष्ट कुठं मांडायची?

सरांनी खुशीला शाळेआधी अर्धा तास बोलावलं. ती एक दिवस आली, ओढणीची गाठ चाचपत बसली, दुसऱ्या दिवशी आली नाही. वेचणीचा शेवटचा फेर होता.

पेपर झाला. कोणत्या तरी गावच्या पोराचे दोन प्रश्न आले, आणि संध्याकाळपर्यंत डफडं वाजलं. नवा फ्लेक्स लागणार होता.

पेपर देऊन खुशी नेरच्या स्टँडवर एका बाजूला बसली होती. सर तिच्याशेजारी जाऊन बसले.

“एकबी नाही आला, सर.”

“बाकीचं किती लिहिलंस?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “माह्यीच चूक झाली. तुम्ही वर्गात चिठ्ठ्या मांडल्या नं, तवा मी खिडकीतून पाह्यलं. मले वाटलं, कशफचं खरं असंल. एक घडीच वाटलं, सर. तेवढ्यानंच मेली असंल.”

जगातला सगळ्यात शहाणा क्षण या पोरीला आला होता, आणि तिनं त्यालाच पाप म्हणून नोंदवलं होतं.

“ऐक खुशी,” ते म्हणाले, “तुझ्यात काहीच खोट नाही. ती चिठ्ठी कधी जित्ती नव्हतीच, मरेल कशी? शंकेनं विद्या मरत नाही पोरी, शंकेपासूनच सुरू होते. उद्या कोणी काहीही देऊ दे, चिठ्ठी, अंगारा, औषध, वचन. शेजारणीला काय दिलं ते विचार. आणि जी रांगेत दिसत नाही, तिच्या घरी जाऊन विचार. एवढं केलंस तरी पुरे. करशील?”

एसटी आली. खुशी उठली, पिशवी खांद्याला लावली आणि मान डोलावली. वर्गात सांगितलेलं उत्तर नुसतं लिहून घेताना पोरं डोलावतात, तशी.