खंडणीची पोथी

…पानातलं ते भोक अजून तिथेच होतं, गव्हाच्या दाण्याएवढं. गोमाशी चावली तेव्हा वासराच्या अंगावर टाचणीएवढंच असणार, पण पान करायला कातडं चौकटीवर ताणलं की असल्या जखमा वाढतात — आता त्यातून खालच्या मेजाचं लाकूड दिसत होतं. भोकाच्या अलीकडे वर्ष संपलं होतं: मठावर वीज, गुरांची साथ, सरदाराचा धाकटा मुलगा शत्रूच्या हाती. पलीकडे एक ओळ मावेल एवढी जागा. मुरीसने हंसाचं पीस शाईत बुडवलं, दौतीच्या काठावर निथळलं, पुन्हा बुडवलं.

दाराशी सरदाराचा कारभारी केलख मांडीवर चामड्याची पिशवी घेऊन बसला होता. मुलाच्या सुटकेसाठी शत्रूने गुरं मागितली नव्हती — गुरं उरलीच कुठे होती — त्याने ही पोथी मागितली होती, मुरीसच्या आजोबांपासून वर्षामागून वर्ष लिहीत आणलेली.

"आटपा गुरुजी. एका पोरासाठी वासरांचा कळप देतोय आम्ही, तोही मेलेला."

"त्यांच्यात वाचणारा आहे का कोणी?"

"आहे की. तुमच्यापेक्षा अक्षर बरं आहे म्हणतात."

मुरीस हसला असता एरवी. वाचणारा आहे… म्हणजे झालं. ज्याला थडगं नाही त्याच्यासाठी गुडघे टेकायचे कुठे? पण पोथीत नाव असलं, की वाचणारा — वैरी का असेना — क्षणभर थांबतो, ओठ हलवतो: देवा, या जिवावर दया कर. मी नाही का थांबलो, आजोबांच्या हातच्या त्या सगळ्या अनोळखी मेलेल्यांपाशी?

तनी, त्याचा मुलगा, उन्हाळ्यात समुद्रापलीकडच्या संताच्या यात्रेला निघाला. जहाज तिकडे पोचलं नाही, इकडे परतलं नाही. किनाऱ्याला एक फळी लागली तेवढी. "फळीला काय नाव असतं?" त्याची बायको लासरीना म्हणाली होती, आणि आज सकाळी ओटची भाकरी त्याच्यापुढे ठेवताना, तोंडाकडे न बघता, "अहो, जित्याला मेल्यांत बसवू नका. त्याची परतीची वाट बुजेल."

बुजेल… पण न लिहावं, तर पोथी चाललीच आहे, आणि तो मेलेला असेल तर त्याच्यासाठी कोण कुठे थांबणार? उपदेश करायला तो उपड्या टोपल्यावरही चढला असता असा पोरगा — कापणी झाली की गवताच्या गाडीवर उभा राही, आधी स्तोत्र, मग संताची गोष्ट, आणि गोष्ट ऐन रंगात आली की तीच हलके चालीवर चढायची, कधी चढली ते कळायचंही नाही, म्हाताऱ्या हसता हसता डोळे पुसायच्या, आणि पालुपद आलं की अर्धं लोकांचं — थकल्याला घर कुठे, थकल्याला घर कुठे — आणि मग सगळे गप्प, कारण पुढचं एकट्या तनीचं. ती गप्प जागा… तिच्यात देव उभा असायचा, असं मुरीसला वाटे.

हे सगळं पोथीत मावत नाही. पोथीत मावतं ते एवढंच: तनी, मुरीसचा मुलगा, गोड गळ्याचा उपदेशक, या वर्षी समुद्रात वारला. भोक ओलांडून त्याने लेखणी पलीकडे टेकवली आणि ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं — आणि हे आपल्या ध्यानात आलं, याचीच त्याला शिसारी आली.

"वाळू द्या," तो म्हणाला.

"वाटेत वाळेल," म्हणत केलखने पोथी मिटली, पिशवीत सारली, बंद आवळला. दारात त्याला लासरीना भेटली असावी, कारण लगेच तिचा आवाज आला, आत न येता —

"लिहिलंत?"

"नाही," मुरीस म्हणाला.

घोड्याच्या टापा चिखलात बुडत गेल्या. मेज रिकामं, शाईचा एक थेंब तेवढा. म्हणजे आता रोज संध्याकाळी ती तनीची भाकरी झाकून ठेवणार, आणि तिच्या शेजारी बसून मी वाट बघणार, बघितल्यासारखं करणार… किती वर्षं?

बाहेर ताक घुसळायला सुरुवात झाली. नेहमीसारखी ती गुणगुणू लागली — थकल्याला घर कुठे, थकल्याला घर कुठे — आणि नेहमीसारखी थांबली. उन्हाळ्यापासून ती तनीच्या ओळीची ही जागा मोकळी सोडत आली होती; घुसळणीचा आवाज तेवढा तीत यायचा. मुरीसही गप्प राहत आला होता.

"तुझ्या पायाशी," कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "तुझ्या पायाशी." चाल चुकली होती. ओठ आपले हलले हे त्याला मागाहून कळलं.

बाहेर घुसळण थांबली.

आत येऊन विचारील, तर विचारू दे… पण आली नाही, आणि पुन्हा गायला लागली, आणि या वेळी तनीसाठी जागा सोडलीच नाही, वाट बघणंच सोडलं, तर?