नव्या हँडलशी माझं भांडण

मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे हं, मोटारसायकलची, पेट्रोलची. सिल्वासाजवळच्या नरोलीत भाड्याच्या खोल्यांची एक लांबलचक ओळ आहे, तिच्या टोकाला पत्र्याच्या सावलीत आमची गाडी उभी असते. येणारेजाणारे आधी हँडल बघतात, मग सीट बघतात, मग अॅव्हरेज किती देते ते विचारतात. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि बघितलंच तर डाव्या गालावरचा पोचा तेवढा बघतात. म्हणून मित्रांनो, आज मीच बोलणार आहे. तुम्ही निमूट ऐकायचं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन भाग दाबून, कडेने जोडून मला घडवलं. जोड गळतो की काय हे बघायला माझ्यात हवा भरली आणि मला पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही! मग माझ्यावर लाल रंग चढला, कुंकवासारखा. तेव्हापासून मी थोडी तोऱ्यातच असते, ते तुम्हाला कळलं असेलच.

आमची गाडी घेतली नथूने. नथू आणि त्याची बायको बायडाबाई धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. कारखान्यांत कामाला आलेल्या आपल्याकडच्या पोरांना घरचं जेवण मिळत नाही, हे बायडाबाईच्या ध्यानात आलं आणि तिने डबे सुरू केले. ती रांधायची, नथू सायली गावातल्या कारखान्यांत पोचवायचा. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी जाळ्या जोडून घेतल्या होत्या, त्यांत डबे बसायचे. वांग्याच्या भरताचा वास मला इतका सवयीचा झाला, की पेट्रोलचा वास म्हणजे काय ते मी विसरले. कारखान्याच्या फाटकावर पोरं म्हणायची, "नथूभाऊची गाडी आली, चला जेवायला." नथू रोज फडक्याने मला पुसायचा. त्यांची मुलगी रोशनी लहान होती तेव्हा माझ्यावरच बसायची आणि तोंडाने हॉर्न वाजवायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग नथूची नजर अधू झाली. साखरेच्या आजाराने डोळ्यांपुढे हळूहळू धुकं धरलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. आमच्यावर ताडपत्री पडली. माझ्या पोटात पेट्रोल शिळं झालं, झाकणाला गंज चढला. शेजारच्या खोलीतली कोंबडी तर सीटवर अंडी घालू लागली. माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा.

डबे रिक्षाने जाऊ लागले. पण रिक्षावाला सवारी भरेपर्यंत हलायचा नाही, आणि कारखान्यातली जेवणाची सुट्टी कुणासाठी थांबत नाही. उशिरा आलेला डबा कुणाच्या कामाचा? एकेक पोरगा डबा बंद करू लागला. बायडाबाईची चूल विझली तर नरोली सोडून गावी जावं लागणार, आणि रोशनीचं सिल्वासातलं कॉलेज अर्ध्यावर सुटणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. नजर अधू झालेल्या नथूलाही दिसत होतं.

एका सकाळी बायडाबाईने ताडपत्री ओढून काढली, कोंबडीला हाकललं आणि म्हणाली, "आते मी चालवसू."

खोल्यांच्या ओळीत हशा पिकला. कुणी म्हणालं, निदान स्कूटर तरी घे. ती म्हणाली, "डब्यांच्या जाळ्या या गाडीले शेतस, स्कूटरले नही." पुढे ती कुणाशी वाद घालत बसली नाही. दर रविवारी मोकळ्या मैदानात नथू मागे बसून शिकवायचा, ती शिकायची. पडायची, उठायची, पदर खोचायची, पुन्हा बसायची. बाई चणीने लहान, हातही आखूड. हँडल तिला लांब पडायचं. वळताना बाहेरच्या बाजूची मूठ हातातून सुटायची. लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा तिने जवळजवळ माझ्यावर पालथं पडून काढला. पण काढला!

तेव्हा नाक्यावरच्या गॅरेजवाल्या गुजराती कल्पेशने सुचवलं, "बेन, मागे वळलेलं हँडल टाकू. हात आरामशीर पोचेल." आणि आलं ते कंपनीचं नव्हे, बाजारातलं नवं हँडल. चकचकीत, शिंगासारखं वाकलेलं. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही. बायडाबाई मात्र बसली, मुठी धरल्या आणि तिची कोपरं कधी नव्हे ती सैल झाली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग मीही गप्प बसले.

पण कल्पेशने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि त्याची मूठ खट्कन माझ्या गालावर बसली. तो म्हणाला, "जरा टेकतंय. पण एवढं वळवतं कोण? चालशे."

वा रे वा, म्हणे चालेल, चालशे! रोज संध्याकाळी नथू चाचपत येऊन हँडल डावीकडे वळवायचा आणि लॉक करायचा. रात्रभर ती मूठ माझ्या गालात रुतलेली. रंग उडाला, मग पोचा पडला. बायडाबाईने तो बघितला, पदराने पुसला आणि जुनाच असेल म्हणून सोडून दिला. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, बाई, आज इथे माझा गाल आहे, उद्या तुझं बोट असेल.

आणि तसंच झालं. डबे घेऊन ती पहिल्यांदाच एकटी सायलीला निघाली. सरळ रस्त्यावर झकास चालली. फाटकापाशी मात्र गाडी जागच्या जागी वळवावी लागते. तिने हँडल पूर्ण डावीकडे नेलं आणि तिचा अंगठा मूठ आणि माझ्यामध्ये चेंगरला. मित्रांनो, त्या अंगठ्याला दुसरीकडून दाबणारी मीच होते. किती वाईट वाटलं मला! तिला क्लच दाबता येईना, सोडता येईना. गाडी आडवी झाली, डाळ रस्त्यावर सांडली. फाटकावरचे रखवालदार रमाकांत यांनी तिला उठवलं. ते म्हणाले, "मावशी, हे आपलं काम नव्हे. उगीच जिवाशी खेळ कशाला?"

घरी अंगठा टम्म सुजला. पोळपाटावर लाटणंही धरवेना. नथू भिंतीला टेकून म्हणाला, "गाडी इकी टाकू. गावले जाऊ."

बायडाबाईने अंगठ्याला हळद लावली. मग म्हणाली, "हँडल चुकेल शे. मी नही."

दुसऱ्या दिवशी रोशनीने गाडी ढकलत गॅरेजला नेली. मागून नथू, आणि हातात परात घेऊन बायडाबाई. परातीत काय, तर मळलेली कणीक! कल्पेशला आधी वाटलं, आपल्यासाठी काही खायला आणलं. तिने कणकेचा एक गोळा माझ्या डाव्या गालावर थापला, एक उजव्या. मग बसली, दुखऱ्या हाताने मूठ धरली आणि हँडल हळूहळू डाव्या टोकापर्यंत नेलं. हात काढला तर गोळ्याचा पापड झालेला.

"इथं मना अंगठा व्हता," ती म्हणाली.

कल्पेश हसला नाही. कणीक बघत डोकं खाजवत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बेन, टाकीला जरा आत ठोकून घेऊ? जागा होऊन जाईल."

पण बायडाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की हातोडी आपोआप खाली गेली. "तिनं काय केलं? ती पहिलेपासून तठेच शे. नवं आलंय, त्यानं सरकावं." मित्रांनो, इतकी वर्षं मला लोकांनी पुसलं, सजवलं, हार घातले, पण माझी बाजू घेऊन असं कुणी बोललं नव्हतं.

मग काम सुरू झालं. हँडलखाली ठोकळे घालून ते वर उचललं, पकड सैल करून किंचित पुढे फिरवलं. पुन्हा कणीक. अजून कमी. पुन्हा सैल, पुन्हा कणीक. कल्पेश घामाघूम झाला, तरी बायडाबाई म्हणे, आणखी एकदा. शेवटी दोन्ही टोकांना, तिने मूठ धरलेली असतानाही, बोटभर जाड कणीक तशीच्या तशी राहिली. कल्पेशने इंजिन चालू करून हँडल एकदा फिरवलं आणि हुश्श करून पाना ठेवणार, एवढ्यात इंजिनाशेजारी बसलेला नथू बोलला.

"उजवीकडे वळवलं की आवाज चढतो."

कल्पेशने इंजिन चालू ठेवून हँडल उजवीकडे नेलं. खरंच, ॲक्सिलरेटरला हात न लावता गाडी गुरगुरायला लागली. हँडल वर गेलं होतं, केबल मात्र जुनीच, आता आखूड पडणारी होती. वळलं की ती ताणली जायची. वळणावर गाडी आपणहून पळाली असती, आणि या वेळी एका अंगठ्यावर भागलं नसतं. बायडाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बरं झालं तुम्ही आले." नथू नुसताच हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

कल्पेशने ॲक्सिलरेटरची, क्लचची आणि पुढच्या ब्रेकची, तिन्ही केबली लांब घातल्या, वायरी सैल केल्या आणि हँडल पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज एकसारखा राहिला.

अंगठ्याची सूज उतरल्यावर आम्ही सायलीला निघालो. फाटकासमोर एक ट्रक मागे येत होता, पोरं डब्यांची वाट बघत उभी होती, आणि जेवणाचा भोंगा अजून व्हायचा होता. रमाकांत यांनी बायडाबाईला ओळखलं. या वेळी ते उपदेश करायला आले नाहीत. त्यांनी हात वर करून ट्रक थांबवला आणि रस्ता मोकळा करून दिला. बायडाबाईने हँडल पूर्ण डावीकडे नेलं. पाय खाली टेकला नाही, मूठ सुटली नाही, अंगठा माझ्या शेजारून अलगद गेला. गाडी वळली. भोंगा झाला तेव्हा पोरांच्या हातात गरम डबे होते.

आज त्या घरची चूल पेटती आहे, आणि रोशनीचं कॉलेज चालू आहे. त्या हँडलशी माझी अजून दोस्ती नाही, पण आम्ही एकमेकांना लागत नाही. शेजाऱ्यांनी आणखी काय करायचं असतं?

मित्रांनो, तुम्हीही कधी गाडी घ्याल आणि तिला हौसेने काही नवं बसवाल. जरूर बसवा. पण ते सरळ उभं असताना छान दिसतं म्हणून फसू नका. या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघा, इंजिन चालू ठेवून कान द्या, आणि कुणी 'चालशे' म्हणालं तर पुन्हा एकदा वळवून बघा. आम्हा जुन्यांसाठी बोटभर जागा सोडा. माझा काय, पत्रा आहे, पोचा पडला तरी पेट्रोल धरतो. त्या बोटभर जागेत बोट मात्र तुमचं असतं.