पाखरीच्या अंगावरचा भंडारा

पाखरीच्या मानेवरून हात फिरवताना कुंडलिकच्या तळव्याला गाठी लागल्या. बोराएवढ्या. त्याने आयाळ बाजूला सारून पाहिलं. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गांधी उठल्या होत्या, आणि कालच्या यात्रेचा भंडारा अजून घोडीच्या अंगावर तसाच होता. सरूबाईला जाऊन अडीच महिने झाले होते, आणि त्यानंतरची ही पहिलीच यात्रा होती. बायकोबरोबर घरातून आणखी काय गेलं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

पाखरी बैलगाड्यापुढं पळणारी घोडी. शर्यतीच्या घाटात बारी सुटली की बैलांच्या पुढं ती आणि तिच्या पाठीवर कुंडलिक. पिंपळवंडीपासून मंचरपर्यंतच्या यात्रा दोघांनी नऊ वर्षं केल्या. बारी चांगली झाली की लोक मुठी भरभरून भंडारा उधळत. तो धुवायचा नाही, आपोआप झडू द्यायचा, ही कुंडलिकच्या बापापासूनची रीत.

शेजारचा हौशीराम मशेरी लावत गोठ्यापाशी आला.

"पित्त उठलं का काय घोडीला?"

"परवा नवा भुसा घातला. त्यानंच आसंल."

"भुशाचं न्हाई राव. दिष्ट लागली. काल सगळा घाट हिच्याकडं बघत व्हता. तुझ्याकडं कोण बघतंय?"

कुंडलिक जरासा हसला. सरूबाई गेल्यापासून त्याची थट्टा करणारा हौशीराम एकटाच उरला होता. बाकीचे जपून बोलत.

"देवाचंच लाव कायतरी," हौशीराम म्हणाला.

कुंडलिकने देवघरातून उरलेली भंडाऱ्याची पुडी आणली. शेंगतेलात कालवून एकेका गांधीवर चोळली. शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवायला गेला, तर पाखरीने तोंड फिरवलं. त्याने जबडा धरला.

"गप घे. देवाचा हाय."

तासाभरात घोडीचे डोळे सुजून मिटले. ओठ जाड झाले. श्वास घेताना नाकातून शीळ वाजायला लागली. हौशीराम सायकल काढून एस.टी.डी. बूथवर गेला. डॉक्टर आहुप्याकडं जनावरांना लस टोचायला गेले होते. दुपारपर्यंत येतील, एवढाच निरोप मिळाला.

डॉक्टरांच्या आधी तय्यब आला. तो जुन्नरचा नालबंद. पाखरीचे नाल बदलायला त्याला त्या दिवशी बोलावलेलंच होतं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि घोडीकडं बघत उभा राहिला.

"भाऊ, हिला धुतली न्हाई?"

"भंडारा कुठं धुत्यात व्हय?"

तय्यब खाली बघून बोलला. "वहिनी धुवायच्या. दर यात्रेच्या सांजंला, तुमी पारावर जाऊन बसला की. पुडीतला भडक, रंग मिसळलेला भंडारा निघाला तवापासनं. पाच सालं झाली आसतील. पयल्या साली हिला अशाच गांधी उठल्या, तवा त्यांनी वळखलं. एकदा मी आलो तर म्हणल्या, तय्यबभाऊ, ह्यांना बोलू नका, ह्यांना रीत लई प्यारी. धुवून झालं की घरच्या हळदीचा हात फिरवायच्या अंगावर. भंडारा हाय तसा तुमाला दिसावा म्हणून."

कुंडलिकने हौदातून बादली भरली. गोठ्याच्या खुंटीवर सरूबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, पिवळा पडलेला. तो पिवळा का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तय्यब पाणी ओतत होता, कुंडलिक चोळत होता. उजवा खांदा, उजवी बरगडी, उजवा पुठ्ठा. तेलामुळे भंडारा लवकर सुटत नव्हता. पायाखालून पिवळं पाणी वाहत उकिरड्याकडं चाललं.

"तोंडात न्हाई ना घातला?" तय्यबने विचारलं.

"घातला."

तय्यबने पुढची बादली भरून आणली.

ते डाव्या बाजूला वळणार तेवढ्यात पाखरीचे पुढचे गुडघे दुमडले. ती डाव्या अंगावर पडली. मान ताणून तिने तीन-चारदा श्वास ओढला. शीळ बारीक होत गेली आणि थांबली. कुंडलिकच्या हातात ओला तुकडा तसाच राहिला.

डॉक्टर आले तेव्हा तीन वाजले होते. त्यांनी घोडीचं तोंड उघडून पाहिलं.

"घसा सुजलाय. आधी कधी झालं होतं का असं?"

"मला ठावं न्हाई," कुंडलिक म्हणाला. "मालकिणीला ठावं व्हतं."

"मग त्यांना बोलवा."

हौशीरामने डॉक्टरांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं.

संध्याकाळी बांधाच्या कडेला खड्डा खणला आणि पाखरीला ओढत काठाशी आणलं. कुंडलिक लुगड्याचा तुकडा आणि भरलेली बादली घेऊन आला आणि तिला दुसऱ्या कुशीवर वळवायला सांगू लागला. सहा जणांनी जोर लावला, पण अंग ताठलं होतं. शेवटी तिला तशीच दोरांनी ओढून खड्ड्यात घातली आणि माती लोटली. बादली बांधावर भरलेलीच होती. डावी बाजू धुवायची राहिली.