हॅलोरनसाहेबांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना सुरक्षा पट्टा आहे. उंचावरून उडी मारणाऱ्या माणसाच्या खांद्यांना, कमरेला आणि मांड्यांना जो आवळून बांधतात आणि ज्याला वरून तार जोडतात, तो मी. सिनेमाच्या सेटवर मला हार्नेस म्हणतात. तुम्ही मला पाहिले असेल असे म्हणायची मात्र सोय नाही. माझा मालक पडद्यावर कड्याकपारींवरून कितीदा तरी लोंबकळला, पण मी त्याच्या शर्टाच्या आत असायचो आणि माझी तार नंतर संगणकावर पुसून टाकायचे. आमच्या धंद्यात जो दिसला तो कामातून गेला.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. नायलॉनच्या रुंद पट्ट्या, जाड दोऱ्याची शिवण आणि पोलादी कड्या. शिवणाऱ्या बाईने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि समाधानाने बाजूला ठेवले. ज्याच्या मापाने मला शिवले होते, तो वेड हॅलोरन तेव्हा कुणीच नव्हता. तो दुसऱ्यांच्या वतीने पडायचा. नायकाने गच्चीवरून उडी मारली असे लोकांना वाटे. मारलेली असे हॅलोरनने. त्याची पाठ जगाने पाहिली होती, तोंड कुणी पाहिले नव्हते. आमचे सूत जमले ते बहुधा त्यामुळेच.

मग एकदा धरणाच्या भिंतीवर एका नायकाने ऐन वेळी पाय मागे घेतला. दिग्दर्शकाने वैतागून हॅलोरनला पुढे केले आणि कॅमेरा थेट त्याच्या तोंडासमोर लावला. उडी मारताना तो घाबरलेला होता आणि ते लपवत नव्हता. लोकांना नेमके तेच आवडले. तिथून आमचे दिवस फिरले. धावत्या ट्रकच्या टपावर, हेलिकॉप्टरच्या दांडीला, जळत्या जहाजाच्या कठड्यावर आम्ही दोघे एकत्र लटकलो. मुलाखतीत तो छातीवर हात मारून सांगायचा, "हा माझा सगळ्यात जुना सहकलाकार." नायलॉनला फुगता येत नाही, तरी मी फुगायचो.

पुढे त्याचे सिनेमे अमिरातीत होऊ लागले. वाळवंट, उंच इमारती आणि बंदर, सगळे हाकेच्या अंतरावर. दोन सिनेमांच्या मध्ये माझा मुक्काम दुबईजवळच्या जबल अलीच्या एका गोदामात असे, आणि माझे मराठी तिथलेच. गोदाम सांभाळणारा गणू गुहागरकडचा. पूर्वी तो दोराला लटकून इमारतींच्या काचा पुसायचा. गुडघा गेला तेव्हा खाली उतरला, पण दोरांची माया सुटली नाही. तो आम्हा सगळ्या सामानाशी बोलायचा आणि उत्तराची वाटही पाहायचा.

आम्हाला तपासायचे काम दर्शनाचे. ही दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत वाढलेली, इंजिनिअर झालेली मुलगी. तिने बँकेत चिकटावे अशी तिच्या आईची फार इच्छा होती. लेकीने माणसे टांगायचा उद्योग पत्करला. उडी मारणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी तिची, आणि ती डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवायची.

गेल्या वर्षी नवा सिनेमा सुरू झाला तेव्हा हॅलोरनची पन्नाशी उलटली होती. निर्मात्यांनी गोड बोलून सुचवले, की आता उडी दुसऱ्याला मारू द्या, तोंड तुमचे संगणकावर चिकटवू. तो हसला आणि नाही म्हणाला. ज्या दिवशी दुसरा आपल्या वतीने पडेल त्या दिवशी आपण संपलो, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो स्वतः असाच दुसऱ्याला संपवून वर आला होता. हमरिया बंदराच्या धक्क्यावरच्या क्रेनवरून तो स्वतः उडी मारणार आणि तीही मलाच बांधून, असे त्याने सगळ्यांना बजावले. तो दिवस नेमका दसऱ्याचा आला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारे आणि अवजारे घासूनपुसून त्यांची पूजा करायची आणि त्यांना सुट्टी द्यायची, ही गणूच्या घरची रीत त्याने गोदामातही चालवली होती. त्याने कप्प्या पुसल्या, कड्यांना तेलाचा हात दिला. मग माझ्याकडे वळला. माझ्या अंगावर घामाचे पांढरे ओघळ होते, काळे डाग होते. साबणाने ते जाईनात. "साहेबांचा पट्टा असा मळका पूजेला ठेवू?" असे मला विचारत त्याने बाथरूमसाठी आणलेला ब्लीचचा कॅन बादलीत उपडा केला आणि मला त्यात बुडवले. दुपारी बाहेर काढले तेव्हा डाग गेले होते. त्याने मला सावलीत वाळवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले. माझ्या अंगातले धागे आतून सैल पडत चालले होते. वरून मी नव्यासारखा दिसत होतो.

दसऱ्याच्या सकाळी हमरियाला दर्शनाने माझ्यावरून बोटे फिरवली. शिवण जागच्या जागी, कड्या घट्ट. "काका, आज एकदम चकाचक केलाय तुम्ही," ती म्हणाली. गणू लाजला. तिने मला पास केले आणि हॅलोरनच्या अंगावर चढवले.

गणू क्रेनच्या शिडीवरची वाळू पुसायला निघाला. गोदामातून तशीच आणलेल्या त्या ब्लीचच्या बादलीत कालपासून भिजत पडलेले फडके त्याने पिळले, तर ते त्याच्या हातात कागदासारखे फाटले. त्याने त्या चिंध्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. हॅलोरन क्रेनवर नेणाऱ्या लिफ्टकडे चालू लागला होता. आजूबाजूला कॅमेरेवाले आणि निर्मात्यांचा मॅनेजर परेश. कुणालाच काही माहीत नव्हते. गप्प राहिला असता तर गणूला कुणी काहीही विचारले नसते.

तो लंगडत धावला. "ताई, साहेबांना वर पाठवू नका. मी पट्टा ब्लीचमध्ये भिजवला होता. हे फडकं बघा."

दर्शनाने फडके बोटांत चुरडले. तिचा चेहरा उतरला. "किती वेळ होता, काका?"

"काल सकाळी टाकला, दुपारी काढला."

तिने लिफ्ट थांबवली आणि हॅलोरनला इंग्रजीत सगळे सांगून मला उतरवायला लावले. त्याने मला उतरवले, पण हातातून सोडले नाही. तेवढ्यात परेश आला.

"दर्शना, मॉर्निंगला तूच चेक केलास ना? ओके दिलास ना? मग आता काय ड्रामा?"

"ब्लीचने नायलॉन आतून कुजतं, परेश. हाताला लागत नाही."

"एकच शॉट आहे यार. हवा तो लाइट निघून चाललाय. यल्ला, चल लवकर, वाळूची गोणी टांगून बघू. धरली तर धरली."

परेशने इंग्रजीत सांगितलेली गोणीची कल्पना हॅलोरनला पसंत पडली. त्याने स्वतःच मला तिच्यापुढे धरले. गोणी मी धरली असती, तर त्याने मलाच बांधले असते आणि मग त्याला कुणी अडवू शकले नसते. दर्शनाने मला हातात घेतले, दोर कापायची मोठी कात्री काढली आणि कुणाला काही न विचारता कमरेपाशी कापून माझे दोन तुकडे केले.

हॅलोरनचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "तू काय कापलंस, कळतंय तुला?" त्याने विचारले.

"कळतंय, सर. तुमचं लक कापलं," ती म्हणाली. ती मागे सरली नाही. "हा तुटलाच असता अशी माझी खात्री नाही. टिकला असता अशीही नाही. खात्री नसलेला पट्टा मी कुणालाच बांधणार नाही."

"गणू, तुझं काम खलास," परेश म्हणाला. "सामान भर."

गणू हॅलोरनसमोर जाऊन उभा राहिला. तो हिंदीत बोलला, दर्शनाने इंग्रजीत सांगितले. "साब, ताई की गलती नहीं है. मैंने धोया. आपके लिए पूजा की थी. मुझे मालूम नहीं था."

हॅलोरनने दर्शनाला विचारले, "हा गप्प बसला असता तर?"

"तर तुम्ही आत्ता वर असता, सर."

हॅलोरन एका पेटीवर बसला. माझा अर्धा तुकडा त्याने मांडीवर घेतला. तो घाबरला होता. माझ्याशिवाय तो कधीच वर चढला नव्हता, आणि आता तर गुडघेही पूर्वीचे राहिले नव्हते. सांगितले असते तर दुसरा माणूस उडी मारायला तयार होता. पण हॅलोरनने मला हळूच खाली ठेवले, तो उठला आणि त्याने गाडीत जादा म्हणून ठेवलेला नवा पट्टा मागितला.

बांधताना छातीवरचा शेवटचा पट्टा तो कायम स्वतः ओढायचा. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणालाही त्याने त्याला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी त्याने तो गणूच्या हातात दिला. "हा ओढेल," तो परेशला म्हणाला, "आणि हा कुठेही जाणार नाही." गणूने हात पँटला पुसले आणि असा ओढला की हॅलोरन जागच्या जागी हेलपाटला.

मग तो वर गेला. मी खाली धक्क्यावर दोन तुकड्यांत पडून बघत होतो. त्याने उडी मारली. मला त्या नव्या पट्ट्याचा हेवा वाटला, खोटे कशाला सांगू? पण तार ताणली गेली, नव्याने त्याला धरले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, हयगयीने वस्तू बिघडतात हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी मायेने बिघडलो. ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो, त्याला घासायच्या आधी कशाने घासायचे हे जाणत्याला विचारा. आणि एवढे करूनही हातून चूक झालीच, तर गणूसारखे पुढे होऊन सांगा, पोटावर पाय येणार असला तरी. त्या सकाळी माझ्या अंगात काय झाले आहे हे गणूच्या आधी मला ठाऊक होते. हॅलोरन लिफ्टकडे चालत होता आणि मी त्याच्या छातीला बिलगून होतो. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.